डबक्यात उडी कोण मारणार?

यंदा २७ फेब्रुवारीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम संपत आला होता. साडेतीन वर्षांची एक मुलगी आईजवळ गेली आणि म्हणाली, ‘मम्मा, आय वॉना ड्रिंक वॉडर.’ वॉटर नव्हे, वॉडर. शेवटचा ‘र’ अमेरिकी पद्धतीने तोंडात घोळवलेला. ही मुलगी कधी अमेरिकेला गेलेली नाही आणि तिच्या घरात तसं कोणी बोलतही नाही. सगळं कार्टूनमधून आलेलं. पुढच्या रांगेतल्या काहींनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘आजच्या दिवशी तरी हे ऐकायला नको होतं.’ त्यानंतर तासभर जो वाद झाला, तो मी शेवटपर्यंत ऐकला. एका बाजूचं म्हणणं होतं की कार्टून बंद केल्याशिवाय मराठी वाचणार नाही. दुसऱ्या बाजूला वाटत होतं की फुकटात एवढा चांगला अ‍ॅक्सेंट मिळतोय, तर बिघडलं कुठे? तिसरे, जरा वाचन असलेले, म्हणत होते की भाषा बदलतच असते, आपल्या बोलण्यात फारसी-पोर्तुगीज किती आहे ते बघा आणि शांत राहा. मी गेली चोवीस वर्षं कोथरूडमध्ये बालवाडी चालवते. या तासाभरात मी एका प्रश्नाची वाट बघत होते आणि तो कोणीच विचारला नाही. त्या मुलीशी दिवसभरात कोण बोलतं, किती वेळ बोलतं आणि काय बोलतं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. टीव्हीवरून आलेला परका उच्चार हा धोका नाही आणि ती कमाईही नाही. लहान मूल मनापासून ज्यांच्याबरोबर राहतं, खेळतं, भांडतं, त्यांच्यासारखं बोलू लागतं. पडद्यावरचा शब्द त्याच्या तोंडात टिकतो तो बहुतेक वेळा घरातल्या माणसांनी ती जागा मोकळी सोडलेली असते म्हणून. टीव्हीशी भांडणारे आणि टीव्हीचं कौतुक करणारे, दोघंही त्या खोक्याला शिक्षक समजतात. तो तेवढा चांगला शिक्षक नाही. मराठीचं जे नुकसान आज पुण्यातल्या घराघरांत होतं आहे ते खरं आहे, पण त्याचं कारण आपण भलत्याच ठिकाणी शोधतो आहोत.

हा प्रकार आपल्याकडेच घडतो असं मुळीच नाही. ‘पेपा पिग’ हे २००४ साली सुरू झालेलं ब्रिटिश कार्टून बघून अमेरिकेतली मुलं ब्रिटिश ढबीत बोलायला लागली, तेव्हा तिथल्या आईबापांना त्याचं हसूही आलं आणि नवलही वाटलं. मग ऑस्ट्रेलियातून ‘ब्लूई’ आलं आणि ऑस्ट्रेलियन शब्द येऊ लागले. २०२१ मध्ये पोर्तुगालमधले पालक तक्रार करत होते की यूट्यूब बघून आमची मुलं ब्राझीलची पोर्तुगीज बोलतात, गवताला आणि बसला तिकडचे शब्द वापरतात. ज्या देशाने ब्राझीलला आपली भाषा नेऊन दिली, त्याच देशात ती भाषा ब्राझीलचा हेल घेऊन परत आली होती. आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण मात्र बांगलादेशचं आहे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात तरुणांनी बंगालीसाठी गोळ्या झेलल्या. युनेस्कोने १९९९ साली तोच दिवस जागतिक मातृभाषा दिन ठरवला. त्या देशाच्या सरकारला २०१३ साली हिंदीत डब केलेल्या ‘डोरेमॉन’चं प्रसारण बंद करावं लागलं, कारण मुलं घरात हिंदी बोलू लागली होती. जपानी बोका, हिंदी संवाद आणि बंगाली मूल. भाषेसाठी रक्त सांडलेल्या देशाला जी काळजी वाटली तिला वेडगळ म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या दिवशी उभे राहिलेल्या आजोबांनाही मी तसं म्हणणार नाही.

आजोबांच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं आधी पूर्ण मान्य करायला हवं. तीन वर्षांपुढची मुलं पडद्यावरून शब्द उचलतात, यात शंका नाही. मोठ्या मुलांच्या उच्चारावरही मालिकांचा परिणाम होऊ शकतो. ग्लासगोतल्या किशोरवयीन मुलांमध्ये लंडनकडचे काही उच्चार कसे शिरले, याचा जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असं दिसतं की लंडनमध्ये घडणाऱ्या एका लोकप्रिय मालिकेत जी मुलं मनाने गुंतली होती, त्यांच्यात हा बदल जास्त होता. म्हणजे टीव्ही अगदीच निरुपद्रवी आहे असं म्हणता येत नाही. पण त्याच अभ्यासाचं दुसरं अंगही आहे. नुसतं बघितल्याने काही होत नव्हतं, पात्रांशी नातं जुळावं लागत होतं. शिवाय हा बदल मित्रांच्या संगतीतून आधीच चालू झालेला होता, मालिकेने त्याला वेग दिला. नातं आणि संगत हे दोन शब्द मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

आता अगदी लहान मुलांकडे वळू. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना बारा वेळा मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळली, पुस्तक दाखवत बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणसाजवळ बसलेली बाळं चिनीतले बारीक ध्वनी ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळं जिथे होती तिथेच राहिली. आवाज तोच आणि वेळही तेवढाच असताना एवढा फरक का पडावा? कारण पडद्यावरचा माणूस बाळाच्या डोळ्यांत बघत नाही. बाळाने बोट दाखवलं की तिकडे वळत नाही. बाळ हसलं म्हणून हसत नाही. याहून हृदयद्रावक नोंद १९८१ सालची आहे. एका कर्णबधिर जोडप्याच्या ऐकू येणाऱ्या मुलाला इंग्रजी ऐकायला मिळत होतं ते मुख्यतः टीव्हीवरून. पावणेचार वर्षांचा झाला तेव्हा त्याची वाक्यं मोडकी, भलत्याच रचनेची होती. माणसं त्याच्याशी बोलू लागली तसा तो झपाट्याने सुधारला. त्याच्या धाकट्या भावाचं मात्र तसं अडलं नाही, कारण त्याच्याशी बोलायला थोरला भाऊ होता.

आणि ज्या उच्चारासाठी आपण एवढे हळवे आहोत, त्याची पायाभरणी तर कार्टूनच्या किती आधी होते! कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक सहज ओळखतात. वर्षाची होत आली की बहुतेकांची ती ओळख पुसली जाते, कारण त्यांच्या घरात तो भेद कोणी करत नाही. आपल्या बाळांच्या कानात मात्र ‘ताट’ या एकाच शब्दात दोन्ही ध्वनी पडत असतात. मराठीत ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. ‘चिंच’ आणि ‘चाक’, ‘जीभ’ आणि ‘जाळं’. लिपीत हा फरक दिसत नाही. पुस्तक वाचून तो येत नाही. आजीच्या मांडीवर, आईच्या खांद्यावर, कोणी तरी काही तरी बोलत असताना तो मुरतो. ज्या मुलाच्या कानात हे मुरलं आहे त्याचा ‘चाका’तला ‘च’ अमेरिकी कार्टून पुसू शकत नाही.

मग पुण्यातल्या मुलांचा ‘ळ’ का जातो? ‘बाळ’चं ‘बाल’ का होतं, आणि ‘चोर’ हिंदीतल्यासारखा का ऐकू येतो? बाणेर, वाकड, खराडीतल्या एखाद्या मोठ्या संकुलात संध्याकाळी सहा वाजता जाऊन घसरगुंडीजवळ उभं राहा. लखनौ, इंदूर, भुवनेश्वर, कोची, सांगली, नांदेड अशा सगळीकडच्या घरांतली मुलं एकत्र खेळत असतात. हे फार चांगलं आहे. पण त्यांची खेळण्याची भाषा हिंदी आहे, आणि तिथे ‘ळ’ला जागा नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली मिल्टन कीन्स नावाचं नवं शहर वसवायला घेतलं, ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली. भाषेच्या अभ्यासकांना तिथे दिसलं की चार वर्षांची मुलं आईबापांच्या ढबीत बोलतात आणि आठ-बारा वर्षांची मुलं एकमेकांसारखी बोलतात. आयटी पार्क आल्यापासून हिंजवडीच्या आसपास जे वसलं आहे तेही असंच नवं शहर आहे. टीव्ही बंद केला तरी घसरगुंडीवरची भाषा बदलत नाही. तिथे मराठी हवी असेल तर तिथे जाऊन मराठी खेळ मांडावे लागतील, आणि शेजारच्या लखनौच्या मुलालाही त्यात घ्यावं लागेल. मुलं खेळासाठी कोणतीही भाषा शिकतात. आट्यापाट्या खेळायला मिळणार असतील तर ‘पाटी’ आणि ‘कोंडी’ हे शब्द दोन दिवसांत तोंडी बसतात. हे मी माझ्या अंगणात पाहिलं आहे.

आता तिसऱ्या, शांत राहा म्हणणाऱ्या बाजूकडे येते. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता सर्वांत भक्कम दिसतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करून घेतला, सुमारे १,४०० दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पेशव्याला ‘पंतप्रधान’ आणि डबिराला ‘सुमंत’ म्हटलं. तरीही पुढे पुण्यात राज्य केलं ते ‘पेशव्यां’नीच, शनिवारवाड्याला ‘दिल्ली दरवाजा’च राहिला आणि ज्या पेठेत पुणं सुरू झालं तिचं नावही ‘कसबा’. बटाटा, पगार, साबण, चावी, घमेलं हे पोर्तुगिजांचे. अण्णा, अक्का, अडकित्ता कानडीचे. सगळं खरं आहे. पण हे शब्द कोणाच्या तोंडात आले? दिवसभर मराठी बोलणाऱ्या माणसांच्या. म्हणून ‘साबण’ आला आणि लगेच ‘साबणाने’ झाला, ‘पगारा’तून ‘पगारी’ निघाला, ‘घमेल्या’ची ‘घमेली’ झाली. मराठीने त्यांना आपल्या विभक्त्यांत, लिंगवचनांत ओढून घेतलं. घर भरलेलं होतं, पाहुणे आले आणि घरचे झाले. घरात कोणी बोलतच नसेल तर पाहुणे कोणाचे होणार?

पुण्याचाच दाखला हवा असेल तर १८८० साल घ्या. ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीच्या अभिमानाने निबंधमाला चालवली, त्यांनीच टिळक आणि नामजोशींना बरोबर घेऊन या गावात शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘न्यू इंग्लिश स्कूल’. वर्षभरात आगरकरही आले आणि मराठीत ‘केसरी’, इंग्रजीत ‘मराठा’ अशी दोन पत्रं एकदमच निघाली. त्या पिढीने इंग्रजी पोटभर वाचली, इंग्रजीतून शिकवली. तिच्या तोंडची मराठी आटली का? उलट आधुनिक मराठी गद्य याच लोकांनी घडवलं. कारण ओटीवर, ओसरीवर, मंडईत, कचेरीत, बायकांच्या माजघरात दिवसभर मराठीच खळखळत होती. इंग्रजी तेव्हाही जोरात होती, आजच्यापेक्षा तिचा दरारा तर जास्तच होता. तिच्या समोर मराठीचा ओघ उभा होता, तो आज आपल्या फ्लॅटमध्ये उरला आहे का?

उरलेला नाही, आणि तो नेमका कुठून आटतो ते मला रोज दिसतं. लोक शब्दांची काळजी करतात तेव्हा त्यांच्या मनात नामं असतात. ‘अ‍ॅपल’ म्हणतो, ‘सफरचंद’ म्हणत नाही. मला नामांची फारशी काळजी नाही. माझ्या वर्गात दरवर्षी कमी होतात ती क्रियापदं. ‘ओपन कर’, ‘कट कर’, ‘वॉश कर’, ‘जंप कर’, ‘वेट कर’. एक ‘कर’ उरला आहे आणि त्याच्यामागे इंग्रजी शब्द लावला की झालं. ‘कट कर’ म्हणणाऱ्या मुलाकडून काय काय जातं बघा. भाजी चिरतात, केस कापतात, मेथी खुडतात, सुपारी कातरतात, झाड तोडतात. ‘ओपन कर’मध्ये दार उघडणं, पाकीट फोडणं, गाठ सोडणं, घडी उलगडणं सगळं बुडालं. हात धुवायचे, कप विसळायचा, कपडे खळबळायचे, चूळ भरायची, न्हायचं, या सगळ्यांचं ‘वॉश’. यातलं एकही क्रियापद कार्टूनने पळवलेलं नाही, कारण ते मुलाजवळ कधी आलंच नव्हतं. क्रियापद कोणाबरोबर तरी काम करताना येतं. शेंगा सोलताना, तांदूळ निवडताना, वाटाण्याचा दाणा घरंगळून कपाटाखाली गेल्यावर. ‘तो बघ घरंगळला’ हे वाक्य मुलाने एकदा ऐकलं की ‘घरंगळणं’ त्याचं झालं. पडद्यावर वाटाणा घरंगळेलही, पण ‘जा, काढ तो, नाही तर पायाखाली चिरडेल’ असं पडदा म्हणत नाही.

तीच गोष्ट डबक्याची. पेपा पिगमधली सगळी डुकरं पावसात चिखलाच्या डबक्यांत उड्या मारतात, त्यामुळे पुण्यातल्या कित्येक मुलांना ‘मडी पडल’ ठाऊक असतं आणि ‘डबकं’ ठाऊक नसतं. परवाच्या पावसात एक मुलगा खिडकीतून बोट दाखवून ‘मडी पडल, मडी पडल’ म्हणून नाचत होता. त्याची आई मला म्हणाली, ‘ताई, बघा ना, साधं डबकं म्हणता येत नाही.’ मी विचारलं, डबक्यात तो कधी उतरलाय का? नव्हता. सर्दी होईल, कपडे खराब होतील, डेंगी होईल. शहरातल्या आईची ही भीती खोटी नाही. पण मग त्याने पावसाळ्यातल्या सर्वांत मोठ्या आनंदाचं नाव कुठून शिकायचं? ज्याच्याबरोबर त्याने मनातल्या मनात उडी मारली, त्याच्याकडूनच तो शिकला.

इथे खरा, कठीण आक्षेप येतो आणि तो बहुतेक वेळा आया घेतात. ‘बोलायला वेळ कुठे आहे?’ दोघं नोकरी करणारे. हिंजवडीहून परत यायला तास-दीड तास. घरात पाऊल टाकलं की कुकर लावायचा, उद्याच्या डब्याची तयारी करायची, आणि त्या वेळात मूल कुठे तरी बसलं पाहिजे. त्या अर्ध्या तासात टीव्ही लावणाऱ्या आईला दोष देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, ते बहुतेक अशा माणसांनी लिहिलेले असतात ज्यांच्या मुलांना दुसऱ्या कोणी तरी वाढवलं. मला त्यात भर घालायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे पाळावं, डोळ्यांसाठी, झोपेसाठी, धावण्यासाठी. पण तासभर टीव्ही बघणारं आणि पाच तास गप्पांत वाढणारं मूल अमेरिकी ‘र’ घोळवत असेल तर खुशाल घोळवू द्यावा. पडदा अजिबात न बघणारं पण दिवसभर ‘खा, झोप, थांब, नको’ एवढंच ऐकणारं मूल मला जास्त अस्वस्थ करतं. बोलण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. कणीक मळताना गोळा हातात देता येतो. आणि यात बाबा, आजोबा, काका यांनाही तोंड आहे. आईच्याच माथी सगळं मारू नये.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते, कारण तिच्यात उशीर करून चालत नाही. मूल कार्टूनमधले संवाद जसेच्या तसे, त्याच सुरात म्हणतं, पण नावाने हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, नजर देत नाही, असं दिसलं तर तो उच्चाराचा प्रश्न नसतो. अरबी देशांतली काही स्वमग्न मुलं घरातली बोली न बोलता कार्टूनमधली प्रमाण अरबी बोलतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. अशा वेळी टाळ्याही वाजवू नयेत आणि रागावूही नये. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

सार्वजनिक पातळीवर करण्यासारखंही आहे. बांगलादेशाने बंदी घातली, पण मुलांची भूक बंदीने भागली नाही; पुढे तिथे बंगालीत डब केलेला डोरेमॉन दाखवला जाऊ लागला. तमिळमध्ये २००७ पासून आणि मग कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या निघाल्या. मराठीत तसं काही मोठं रुजलं नाही, आणि याची खंत मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कोणत्याच पक्षाच्या तोंडून मी ऐकलेली नाही. पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती आपल्याच सेनापती बापट रस्त्यावर आहे, १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते आहे. चित्रकार, लेखक, नट, ध्वनिमुद्रणाच्या सोयी सगळं या शहरात आहे. शब्द चालवले तर चालतात. सावरकरांनी सुचवलेला ‘महापौर’ आज कोणाला परका वाटत नाही, कारण पालिकेने आणि वर्तमानपत्रांनी तो रोज वापरला. मुलांसाठी रोज वापरली जाईल अशी मराठी आपण पडद्यावर का ठेवू नये?

पण एवढं सगळं झालं तरी एक अडथळा उरतो, आणि तो आपल्या पुणेरी मनात आहे. परक्या उच्चाराचं कौतुक आणि आपल्याच माणसांच्या उच्चाराचा तिटकारा, हे दोन्ही एकाच घरात नांदतात. ‘वॉडर’ला टाळ्या मिळतात, ‘पानी’ला हसू मिळतं. हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. बालवाडी सुरू केली त्या पहिल्या वर्षी मी बीडकडून आलेल्या एका मुलाला ‘आनि’ म्हणाला की थांबवून ‘आणि’ म्हणायला लावत असे. मला वाटायचं, मी त्याचं भलं करते आहे. तिसऱ्या आठवड्यात त्याने वर्गात बोलणं सोडलं. दिवाळीनंतर तो आलाच नाही. बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी बोलीतल्या कविता आपण पाठ करून घेतो, त्यांना कधी अक्षर लिहिता आलं नाही हे अभिमानाने सांगतो, आणि त्याच तऱ्हेची बोली बोलणारं चार वर्षांचं मूल समोर उभं राहिलं की त्याला दुरुस्त करायला धावतो. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या वर्गात त्यानंतर कोणाच्याही ‘न’चा ‘ण’ मी जबरदस्तीने केलेला नाही, आणि मुलं शाळेत जाईपर्यंत दोन्ही तऱ्हेने बोलायला आपली आपणच शिकतात.

फेब्रुवारीतल्या त्या सभेनंतर खुर्च्या आवरताना मी त्या मुलीच्या बाबांना माझा प्रश्न विचारला. दिवसभर तिच्याशी कोण बोलतं? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. सकाळी वीस मिनिटं, रात्री पाऊण तास, त्यातही जेवण भरवणं. बाकी वेळ मावशी असतात, म्हणाले, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. लातूरकडच्या आहेत, फार मायेच्या आहेत, मुलगी त्यांच्याशिवाय झोपत नाही. मी म्हटलं, मग तर प्रश्नच मिटला, त्या काय काय बोलतात तिच्याशी? ते जरा घुटमळले. ‘ताई, त्यांना आम्हीच सांगितलंय की तिच्याशी फार बोलू नका. त्यांची मराठी जरा गावाकडची आहे ना. त्या टीव्ही लावून देतात.’

साडेदहा तास, जिच्यावर त्या मुलीचा सर्वांत जास्त जीव आहे अशी बाई समोर, आणि तिला गप्प राहायला सांगितलेलं. मी त्यांना म्हटलं, उद्यापासून मावशींना बोलू द्या. गावाकडच्या गोष्टी सांगू द्या, भाकरी थापताना तिला शेजारी बसवू द्या, अंगणात पाणी साचलं तर खाली घेऊन जाऊ द्या. ते म्हणाले, ‘पण मग ती ‘पानी’ म्हणायला लागेल.’ म्हटलं, म्हणू दे. माझ्याकडे जूनमध्ये येईल तेव्हा ‘पानी’ म्हणत आली तर मला फार आनंद होईल.